खापर एकाच निर्णयावर नको



अमेरिकन फुटबॉलच्या रोझ बाउल सामन्यातल्या यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) पराभवाचं सारं खापर इतर पत्रलेखकांनी एका निर्णयावर फोडलं आहे: चौथ्या, अखेरच्या प्रयत्नात दोन यार्ड हवे असताना यूएससीचा धावपटू रेजी बुश मैदानाबाहेर का?

यूएससीच्या चाहत्याला हा सल आजही बोचतो. पण 4 जानेवारी 2006 च्या रात्री पॅसाडेनात सामना फिरवला तो टेक्सासच्या व्हिन्स यंगने. 267 यार्ड फेकीतून, 200 यार्ड स्वतः धावून!

त्या चौथ्या प्रयत्नात चेंडू घेऊन धावलेला यूएससीचा लेनडेल व्हाइट यार्डभर कमी पडला, हे खरं. मात्र त्याच सामन्यात तीन टचडाउन त्याचेच होते. त्याला दोष देणं अन्यायाचं आहे.

यूएससीची सलग 34 विजयांची मालिका 41-38 अशी तुटली; टेक्सासने निर्णायक आघाडी घेतली, तेव्हा घड्याळात 19 सेकंद उरले होते.