दुसऱ्याची सुट्टी पाठ करणाऱ्यांनो

आय.ई.एल.टी.एस.ची गाइडं रात्र-रात्र घोकणाऱ्या आपल्या पोरापोरींशी मला भांडायचंय. इंग्रजी शिकू नका म्हणून नव्हे. ते सांगणारे दुसरे आहेत. मराठीच्या नावानं सभेत गळा काढायचा आणि पोरगं कॉन्व्हेंटात घालायचं, ही जमात आपल्याला चांगली ठाऊक आहे. वेद ऐकला तर शूद्राच्या कानात शिसं ओता असं लिहून ठेवणाऱ्यांच्या मुलखात सावित्रीबाईंनी १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीचं गुणगान केलं, ते उगाच नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ लिहिलं तेही इंग्रजीतच. तेव्हा इंग्रजी पायजेच.

पण ही परीक्षा? ती १९८९ला सुरू झाली. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले तेव्हा ही परीक्षा नव्हती. आज परदेशी विद्यापीठाच्या दारापुढं हा टोलनाका. फी सतरा-अठरा हजार रुपये आणि निकाल दोनच वर्षं चालतो. भाषा काय दूध आहे नासायला? २०२१ साली ब्रिटिश कौन्सिलनं भारतातला हा परीक्षेचा धंदा आय.डी.पी. नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीला विकला, १३ कोटी पौंडांना. आपल्या भुकेला एवढा भाव आहे बघा बाजारात! सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर नंतर. हे पैसे आधी घरातून निघतात, म्हणजे आईच्या कानातलं निघतं.

आता पुस्तकं. केंब्रिजची नंबरवार निघणारी पुस्तकं आहेत, एकेकात चार सराव परीक्षा, मागं उत्तरं. ती सरळ आहेत. फोर्टात फुटपाथवर जुनी मिळतात, फक्त आधीच्या मालकानं पेनानं उत्तरं भरलेली नाहीत ना, ते बघून घ्या. खरी घाण तयार उत्तरांच्या गाइडांत आहे. बोलायच्या परीक्षेत एक कार्ड देतात, एक मिनिट विचाराला, मग दोनेक मिनिटं बोला. फिरायला गेलेली जागा, मिळालेली भेट, असे विषय. गाइड लगेच लिहून देतं : मम्मी-डॅडींबरोबरची सुट्टी, समुद्राकाठचं हॉटेल. आणि ज्याचा बाप माझ्याच गँगमध्ये स्टीलच्या कॉइलीला साखळी लावतो, तो पोरगा ही सुट्टी पाठ करतो! अरे, समुद्राकाठी तुझा बाप रोज असतो की.

शाळेतल्या निबंधमालेनं आपल्याला हेच शिकवलं. वस्तीत गुडघाभर पाणी आणि वहीत पावसाळ्यातली रम्य सहल. पेपर बदलला, खोटं तेच.

वर गंमत अशी की त्या सुट्टीला मार्क नाहीतच. मार्क आहेत ते न अडखळता सलग बोलण्याला, शब्दांना, व्याकरणाला, उच्चारांना. पाठ केलेलं परीक्षक ओळखतो आणि मार्क कापतो. मग कशाला मांडायचा दुसऱ्याचा संसार? स्लिंग तुटली तर माणसानं कुठं उभं राहू नये, मुकादम हजेरी कशी मारतो, हे दोन मिनिटं इंग्रजीत सांगून बघ. अडशील. जिथं अडशील तो शब्द शोध. गोदीत तर निम्मे शब्द इंग्रजीच : हुक, स्लिंग, विंच, हॅच, शिफ्ट. बाप रोज बोलतो, त्याला कोण बँड देतो?

वस्तीतल्या प्रत्येक अभ्यासिकेत केंब्रिजचा एक संच वर्गणीतून ठेवा. उत्तरं वहीत लिहा, पुस्तकाला पेन लावू नका, मागनं येणाऱ्यालाही ते पायजे. रविवारी घड्याळ लावून एकमेकांना बोलतं करा, कार्डं आपली आपण लिहा : रेशनची रांग, पाडलेली झोपडी, विहारातली जयंती. आणि परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या पोरांची परीक्षेची फी सरकारनं आधी भरावी, हा अर्ज समाजकल्याण खात्यात घेऊन चला. मराठीत लिहा, इंग्रजीतही लिहा. इंग्रजीतला गाइड घोकणाऱ्यांनीच लिहायचा, गाइड न बघता.