कार्ड कोणाचं, नाव कोणाचं?

गेल्या दोन महिन्यांत श्टुटगार्ट, म्युनिक आणि बर्लिनहून आलेल्या वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार आहे. सकाळी बोर्ड उघडावा, तर बॅकलॉगमध्ये रात्रीतून वीस-पंचवीस नवी कार्डं येऊन पडलेली. कोणी केली म्हणून पाहावं, तर रिपोर्टरच्या रकान्यात आपलंच नाव. आपण झोपेत होतो. कार्डं एआय एजंटने केली, आपल्या टोकनवर.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी) आला आणि बोर्डाला एजंट जोडणं दुपारभराचं काम झालं. जिरा असो की बर्लिनचं ओपनप्रोजेक्ट, ज्याचं टोकन त्याचं नाव कार्डावर लागतं. मग एजंटला स्वतंत्र खातं का देत नाहीत? एका वाचकाने हे करून पाहिलं. त्यांच्या कंपनीच्या अर्जात कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख आणि रुजू झाल्याचा दिनांक हे रकाने सक्तीचे होते. अर्ज दोनदा ‘अपूर्ण’ म्हणून परत आला. तिसऱ्यांदा सांगण्यात आलं की बाहेरचा कंत्राटदार म्हणून नोंद करा, पण त्यासाठी संबंधित व्यक्तीने डेटा संरक्षणाचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागेल. सात आठवडे गेले. शेवटी त्यांनी स्वतःचं टोकन देऊन टाकलं.

हे वाचून आम्हाला संताप आला. एजंट वापरा असा वरून आग्रह धरायचा आणि त्याच्या खात्यासाठी जन्मतारीख मागायची, हा कारभार आहे की छळ? ज्या आयटी विभागाला अर्जातले तीन रकाने ऐच्छिक करता येत नाहीत, त्याने नियंत्रणाच्या गोष्टी कोणाला सांगाव्यात?

पण त्या वाचकांनी केलं ते चूकच, आणि ते पाठीशी घालणार नाही. जर्मनीत कामगार परिषद, म्हणजे बेट्रिब्सराट, असलेल्या कंपनीत बोर्ड ही नुसती यादी नसते. कर्मचाऱ्यांच्या वागणुकीवर वा कामगिरीवर लक्ष ठेवू शकणारी कोणतीही तांत्रिक यंत्रणा परिषदेच्या संमतीशिवाय आणता येत नाही. या परिषदांच्या कायद्याचं, म्हणजे बेट्रिब्स-फरफासुंग्स-गेझेट्झचं, कलम ८७ तसं सांगतं. लक्ष ठेवण्याचा हेतू असावा लागत नाही, तशी सोय असली की पुरे. एरफुर्टच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २०१८ मध्ये साध्या एक्सेलच्या हजेरीपत्रकालाही ही तरतूद लागू धरली. मग तुमच्या नावाने रात्री दोन वाजता कार्डं करणारा एजंट कुठे बसतो? त्या नोंदींवरून उद्या कोणी तुमचे कामाचे तास मोजले, तर ‘तो मी नव्हेच’ हे कशाच्या आधारे सिद्ध करणार?

परिषदांनाही दोन शब्द. जून २०२१ च्या दुरुस्तीने एआयचं मूल्यमापन करायचं असेल तेव्हा तज्ज्ञ बोलावण्याची गरज कायद्यानेच मान्य केली आहे. तो हक्क वापरायचा नाही आणि विषय बैठकीमागून बैठकीत पुढे ढकलायचा, यातूनच लोक लपूनछपून टोकनं वाटू लागतात.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र असाइनीच्या रकान्यात आहे. कोण किती झपाट्याने कार्डं बंद करतो हे पाहून एजंट काम वाटू लागला, की प्रश्न सोयीचा राहत नाही. माणसाच्या वागणुकीवरून वा स्वभावावरून काम वाटणाऱ्या प्रणाली युरोपीय एआय कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात उच्च जोखमीच्या यादीत आहेत. प्लगइनमधली एक टिचकी तुम्हाला तिथे नेऊन सोडते, आणि आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ती टिचकी तपासली असावी असं पत्रांवरून दिसतं.

आपल्या नावाने पडलेल्या या कार्डांची खरी झळ पुण्यातल्या टीमला बसते. हिवाळ्यात तिकडे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा श्टुटगार्टात पहाटेचे पाच असतात. प्रॉडक्ट ओनर उठायच्या आत हिंजवडीतली मुलं कामाला लागतात. वरचं ताजं कार्ड उचलतात, कारण त्यावर जर्मनीतल्या वरिष्ठाचं नाव असतं. ते कार्ड एजंटने बैठकीच्या इतिवृत्तातल्या एका अर्धवट वाक्यावरून केलेलं असतं. दुपारी प्रॉडक्ट ओनर ते रद्द करतो. अर्धा दिवस वाया, आणि वेग कमी पडल्याचा ठपका पुण्यावर. ही तक्रार आम्हाला तिन्ही शहरांतून आली आहे.

कार्ड फुकट झालं तरी ते वाचायला माणूसच लागतो. कर्ल या सॉफ्टवेअरचे स्वीडिश कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०१९ पासून चालवलेली दोषशोधाची बक्षीस योजना जानेवारी २०२६ अखेर बंद केली, कारण एआयने लिहिलेल्या पोकळ तक्रारी तपासण्यात सांभाळणाऱ्यांचा जीव जात होता. तिथे बाहेरचे लोक पूर आणत होते. आपण तो स्वतःच्या हाताने स्वतःच्या बोर्डावर आणतो आहोत. शिवाय ग्राहकाची ईमेल वाचून कार्ड करणारा एजंट त्या ईमेलमध्ये दडवलेली सूचनाही पाळू शकतो. मे २०२५ मध्ये गिटहबच्या एमसीपी सर्व्हरबाबत संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं: सार्वजनिक रिपॉझिटरीतल्या एका इश्यूच्या मजकुराने एजंटकडून खासगी रिपॉझिटरीतली माहिती बाहेर काढून घेतली.

तेव्हा मित्रहो, परवानगीची वाट पाहत बसू नका आणि चोरवाटही धरू नका. एजंटला वेगळं खातं मागा; अर्ज परत आला तर तो लेखी कारणासह परत मागा आणि त्याची प्रत परिषदेकडे द्या. एजंटला लिहायची मुभा फक्त आवक रकान्यात ठेवा, तिथून बॅकलॉगमध्ये कार्ड माणसानेच सरकवावं. कार्ड करण्याआधी एजंटने जुनी कार्डं शोधलीच पाहिजेत, नाहीतर जोडणी तुटून पुन्हा प्रयत्न झाला की एकाची तीन होतात. असाइनीचा रकाना रिकामा सोडा. आणि पुण्याच्या टीमला आजच कळवा की आवक रकान्यातलं कार्ड उचलायचं नाही.

ज्यांनी स्वतःचं टोकन एजंटला दिलं आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर आधी ते रद्द करावं. आणि तुमच्या कंपनीचा अर्ज जन्मतारीख मागत असेल, तर त्याची प्रत नावं झाकून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात आम्ही ती छापू.