ट्रान्सपॉन्डर आला, पण त्याचा सोर्स कोड कुणाकडे?

हर्णे बंदरात ट्रान्सपॉन्डरचा विषय निघाला की प्रश्न दोनच. बसवला का, आणि चालतो का? मला तिसरा विचारायचाय. त्यातलं सॉफ्टवेअर उद्या बदलायचं झालं तर कोण बदलणार?

30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी ही योजना देशभरासाठी सुरू केली. 13 किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख नौका, तंत्रज्ञान इस्रोचं. जिथे मोबाइलला रेंज नाही तिथून संदेश जातो-येतो. उत्तम आहे, माझा विरोध नाही. पण एवढ्या राज्यांचे नियम काही एक नाहीत.

साधं बघा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून. समजा, बंदीत बोट बाहेर गेली की इशारा देणारा भाग कुणी पूर्व किनाऱ्यासाठी लिहिला आणि तोच उचलून इकडे लावला. मे महिन्यात आपल्या तांडेलाला उगाच इशारा, आणि ऐन जुलैत यंत्र गप्प!

ट्रकचं इंजिन होडीत बसवायचं तर मिस्त्री ते तसंच ठेवून देतो का? रेडिएटर काढतो, समुद्राच्या पाण्यावर थंड करायची सोय करतो, गिअर बदलतो. म्हणजे आधी इंजिन समजून घेतो, मग हात घालतो. सॉफ्टवेअरचं तेच. आधी सोर्स कोड तपासायचा: ही तारीख कुठून येते, कुठे कुठे वापरली, एक बदलली तर काय काय हलतं. मग बदल, आणि जमलं तर तारखा कोडमधून काढून बाहेर सेटिंगमध्ये, म्हणजे पुढच्या वेळी कोडला हातच नको. हे नुसतं डोळ्यांनी शोधून भागत नाही, कारण एके ठिकाणी 'बंदी' असं नाव असतं आणि दुसरीकडे नुसता आकडा. त्यासाठी कोड वाचणारी साधनं असतात.

ही विद्या परदेशातून मागवायचीही गरज नाही. पुण्यात टीसीएसचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र 1981 पासून आहे, आणि कोड तपासायची साधनं हा तिथला जुना विषय. आयआयटी मुंबईच्या उदय खेडकरांनी सहलेखकांबरोबर डेटा फ्लो ॲनालिसिसवर अख्खं पुस्तक लिहिलंय. 2000 साल येताना वर्षाचे दोनच आकडे ठेवणारे जुने प्रोग्राम दुरुस्त करण्यात भारतीय कंपन्यांनीच तर नाव कमावलं.

न तपासता भाग उचलला की काय होतं? 4 जून 1996 ला युरोपचं एरियान 5 रॉकेट उड्डाणानंतर 40 सेकंदांच्या आत फुटलं. एरियान 4 चा एक भाग त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त, तो आकडा 16 बिटांच्या जागेत मावला नाही. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) उड्डाणानंतर त्या हिशेबाची नव्या रॉकेटला गरजही नव्हती.

पण तपासायला कोड हातात तर हवा. कंत्राट संपलं, कोड कंपनीकडे, मग एका तारखेसाठी नवं टेंडर. हे पैसे आपलेच. खरं तर सरकारी सॉफ्टवेअरचा कोड खुला करून पुन्हा वापरायचं केंद्राचं धोरण 2015 पासून आहे, आणि मे 2020 मध्ये आरोग्य सेतूचा कोड खुला झालाही. 'मग आमच्या बोटी कुठे आहेत ते सगळ्यांना दिसेल' असं कुणी म्हणेल. तसं नाही. कोड म्हणजे पाककृती, तुमच्या बोटीची जागा ही माहिती, आणि ती वेगळी कुलुपात राहते.

तेव्हा मच्छीमार सोसायट्यांच्या मंडळींना विनंती: मत्स्यव्यवसाय खात्याचे साहेब पुढच्या बैठकीला आले की अनुदानाबरोबर एवढंही लेखी विचारा. कोड राज्याकडे आहे का, आणि तो बदलायचा हक्क करारात लिहिलाय का? उत्तर मिळालं की इथे कमेंटमध्ये टाका.