दिवा नको, काटा हवा!

ऑईलचा लाल दिवा हा गाडीतला सगळ्यात आळशी कर्मचारी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक गाड्यांत त्याच्यामागे एक साधा स्विच असतो. तेलाचा दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की तो जागा होतो. जोरात चालणाऱ्या इंजिनाला पाहिजे असतात तीन-चार बार. म्हणजे दाब चारवरून एकवर घसरला, बेअरिंगं कोरडी पडायला लागली, तरी हे महाराज झोपलेलेच!

मग टेम्परेचरचा काटा तरी खरं बोलतो का? अनेक गाड्यांत कंपनीच तो मुद्दाम मधोमध चिकटवून ठेवते. पाणी ८० अंशांवर असो की १०० वर, काटा मध्येच. काटा जरा हलला की गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरला चकरा मारतं, ते टाळायची ही सोय. शहरातल्या कारला चालून जातं. पण टन-दीड टन माल घेऊन घाट चढणाऱ्या पिकअपला? मला नाही पटत.

पिकअपचंच घेऊन बसलोय, कारण आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. काकांची अडीच लिटर टर्बो डिझेल पिकअप एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जाते. साखरपा सोडलं की आंबा घाट. कडक ऊन, पूर्ण लोड आणि चढच चढ. आमच्या वाडीतल्या एकाची गाडी याच घाटात बसली. पाण्याचा पाईप फाटला होता. पाणी निघून गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत लटकतो आणि काटा उलट खाली येतो, त्यामुळे ड्रायव्हर निर्धास्त! हेड वाकलं, गॅस्केट गेलं, पूर्ण इंजिनकाम निघालं. खर्च झाला तो झालाच, पण ऐन सीझनात गाडी तीन आठवडे उभी. आंबा थांबतो का कुणासाठी? दिवा पेटला नाही का, असं विचारलं तर म्हणाला, "पेटला की, इंजिन बंद पडल्यावर."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या गाडीला मिस्त्रीला हाताशी घेऊन वेगळे मीटर बसवले.

हे खूळ तसं अमेरिकेतलं. तिकडच्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये काचेच्या बाजूच्या खांबावर ५२ मिलिमीटरचे तीन मीटर लावतात: टर्बोचा बूस्ट, एक्झॉस्टचं तापमान आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान. आपल्याकडचे हौशी लोक तोच सेट उचलून आणतात, निळ्या एलईडीसकट. अरे, आपल्या पिकअपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे कुठे! आपली गाडी कशाने मरते ते बघून मीटर निवडावेत. माझी निवड तेलाचा दाब, पाण्याचं तापमान आणि एक्झॉस्टचं तापमान. बूस्ट चौथा, पैसे उरले तर.

यातला एक्झॉस्टचा मीटर सगळ्यात जास्त शिकवतो. पेट्रोल इंजिनात मिश्रण पातळ झालं की उष्णता वाढते, हे आपण घोकलेलं असतं. डिझेलचं उलटं. तिथे हवा कायम जास्तच असते, जितकं डिझेल ओताल तितकी आग. एअर फिल्टर तुंबला किंवा टर्बोचा पाईप फाटला, हवा कमी पडली आणि पेडल मात्र दाबलेलंच, की तापमान चढत जातं. टर्बोच्या अलीकडे ते ७०० अंशांच्या वर फार वेळ राहू देऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचा. (खालून तेलाचा फवारा मिळतो म्हणून तो टिकतो. ओरलला हे विसरू नका!)

काकांची सवय जुन्या ड्रायव्हरांची. चढावर तिसऱ्या गिअरमध्येच पेडल पूर्ण दाबून इंजिन कण्हेपर्यंत न्यायचं. "खालचा गिअर टाकला की डिझेल जास्त खातं" हे त्यांचं शास्त्र. मी व्याख्यान दिलं नाही. मीटर लागल्यावर त्यांनीच बघितलं की तिसऱ्यात काटा ६८० वर जातो आणि दुसरा टाकला की थोड्याच वेळात ६०० च्या खाली उतरतो. फेरे वाढले, हवा वाढली, दर स्ट्रोकला डिझेल कमी लागलं, पाण्याचा पंपही जोरात फिरला. आता ते काटा बघून गिअर टाकतात. वर पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन आयडलला ठेवून टर्बो थंड करतात, तेही न सांगता.

बसवताना मात्र जुगाड नको. तेलाच्या दाबासाठी मूळ स्विच काढून फेकायचा नाही, ब्रासचा टी टाकून दोन्ही ठेवायचे. जड सेंडर थेट टीवर लोंबकळत ठेवला तर डिझेलच्या थरथरीने टी तडकतो आणि सगळं तेल रस्त्यावर येतं. लवचीक होज टाकून सेंडर बॉडीवर घट्ट बसवावा आणि त्याला वेगळी अर्थिंगची वायर द्यावी. आटे मोजूनच घ्या. पाव इंचाच्या निम्म्या मापात अमेरिकन एन.पी.टी.चे इंचाला २७ आटे, आपल्या बी.एस.पी.चे २८. एकात दुसरं चढल्यासारखं वाटतं आणि मग गळतं! तेलाची नळी केबिनमध्ये आणणारे मीटर स्वस्त पडतात, पण फुटली तर उकळतं तेल ड्रायव्हरच्या पायावर. मी तरी ते कुणाला लावून देणार नाही.

एक्झॉस्टसाठी मॅनिफोल्डला टर्बोच्या अलीकडे भोक पाडावं लागतं. मॅनिफोल्ड खाली उतरवूनच पाडावं, कारण बिडाचा एक कीस टर्बाईनमध्ये गेला तरी संपलं. के टाईप थर्मोकपलची वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची जोडू नये, त्याने आकडा चुकतो. लॅबमध्ये हे आपण जर्नलमध्ये उतरवून काढतो आणि विसरतो. पाण्याचा सेंडर उकळत्या पाण्यात बुडवून तपासता येतो. फक्त कोल्हापुरात पाणी १०० ला नाही, साधारण ९८ ला उकळतं, हे लक्षात ठेवा. (हॉस्टेलवर हीटर कॉईलला बंदी आहे, रेक्टर सर वाचतायत, म्हणून मेसच्या पातेल्यात.)

एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस. सिक्स गाड्यांना भोकं पाडू नयेत. वॉरंटी जाते, आणि ई.सी.यू.च्या सॉकेटमधून पाण्याचं खरं तापमान साध्या रीडरवर वाचता येतं. तेलाचा दाब मात्र तिथेही सहसा मिळत नाही, कारण मुळात स्विचच असतो.

आता माझी खरी तक्रार. फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून हा विषय सुचवला की प्रश्न येतो, "यात नवीन काय?" नवीन काहीच नाही! बूर्दाँने दाबाच्या मीटरचं पेटंट घेतलं १८४९ साली, सीबेकने थर्मोकपलमागचं तत्त्व शोधलं १८२१ साली. तरी घाटातल्या पिकअपमध्ये ते पोचलेलं नाही. शहरात जाऊन तयार प्रोजेक्ट विकत आणायचा, ब्लॅक बुक बांधून घ्यायचं, याला मात्र नवीन म्हणायचं? त्यापेक्षा कॉलेजसमोर मार्केट यार्डाच्या ज्या दहा-वीस पिकअप उभ्या असतात त्यातल्या पाचांना मीटर लावू, वर्षभर रीडिंग घेऊ. लेथ आपल्याकडे आहे, ड्रिल आहे, टॅपचा सेट कपाटात कुलपात आहे. सरांनी तेवढी किल्ली द्यावी.

चार ड्रायव्हर तयार आहेत, मी बोलून ठेवलंय. त्यातल्या एकाची अट एवढीच की मीटरचा दिवा रात्री डोळ्यावर येता कामा नये. ज्यांना हात काळे करायचेत त्यांनी रात्रीच्या मेसला मला गाठा. येताना ३ अँपिअरचे फ्यूज घेऊन या, माझ्याकडचे संपलेत.