शंभराव्या संमेलनाच्या नकाशात पाळणाघर हवे

संपादक महोदय,


साताऱ्याचे 99 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पार पडले आणि आता शंभराव्याचे वेध लागले आहेत. अध्यक्ष कोण, उद्घाटनाला कोण, मांडव केवढा, याची चर्चा होत राहीलच. मला एका खोलीबद्दल लिहायचे आहे. मी आजवर गेले त्यांपैकी एकाही संमेलनाच्या नकाशात ती मला दिसली नाही.

काही वर्षांपूर्वी माझी सून एका संमेलनात निमंत्रित कवयित्री होती. नातू तेव्हा पावणेदोन वर्षांचा. निमंत्रणपत्रात निवास, भोजन, प्रवासखर्च सगळे होते. मूल बरोबर असेल तर काय, याबद्दल अवाक्षर नव्हते. फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी अगदी आपुलकीने विचारले, "घरात आजी नाहीत का?" आजी होती. ती मीच. म्हणून मी गेले आणि तीन दिवस मांडवामागे, जनरेटर आणि भोजनकक्षाच्या मधल्या पट्ट्यात, त्याला कडेवर घेऊन फिरत राहिले. लोकसाहित्यावरचा परिसंवाद ऐकायचा म्हणून घरून वही नेली होती. कानावर पडले ते कर्ण्यातून येणारे तुटक शब्द. दुपारी पोर झोपेला आले, तेव्हा ग्रंथदालनातल्या एका विक्रेत्याने पुस्तकांची रिकामी खोकी सपाट केली, टेबलाखाली अंथरली आणि वर आपली चादर घातली. त्या भल्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण एवढ्या खर्चाने उभ्या केलेल्या साहित्यनगरीत लेकराला पाठ टेकायला जागा मिळावी ती टेबलाखाली, हे मला अजून खुपते.

"आजी असतेच" या उत्तराने एक बाई मोकळी होते ती दुसरीला बांधून. आजीलाही वाचायची, ऐकायची आवड असू शकते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आणि जिच्या घरी आजी नाही, नवरा कामावर आहे किंवा नवराच नाही, ती येत नाही. जो बाप एकट्याने मूल सांभाळतो तोही येत नाही. मग आयोजक म्हणतात, कुणी मागणीच केली नाही. जे मांडवापर्यंत पोहोचलेच नाहीत, ते मागणी कुठे करणार?

1878 साली न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले. तेव्हापासूनच्या या परंपरेत अध्यक्षपदी पहिली स्त्री आली ती 1961 मध्ये, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. 2025 ला दिल्लीत ताराबाई भवाळकर अध्यक्ष झाल्या, त्या सहाव्या. पाळणाघर असते तर हा आकडा वाढला असता, असा माझा दावा नाही. पण लिहिणारी माणसे ज्या वयात एकमेकांना भेटतात, संपादक-प्रकाशकांच्या ओळखी होतात, चार जणांसमोर वाचायची भीड चेपते, नेमक्या त्याच वयात बाईच्या कडेवर मूल असते. ती वर्षे पुन्हा येत नाहीत.

यावर हिरकणी कक्षाकडे बोट दाखवले जाते. एसटी स्थानकांवर हे कक्ष झाले, ते चांगलेच झाले. डिसेंबर 2022 मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधान भवनातल्या अशा कक्षाची चर्चा राज्यभर झाली. पण तो कक्ष अंगावर पाजण्यासाठी असतो. पळत्या पोराला त्याचा उपयोग नाही आणि बापाला तिथे प्रवेश नाही. हिरकणीची गोष्ट आपण आईच्या धाडसाची म्हणून सांगतो. मला त्या गोष्टीत आधी दिसते ते गडाखाली एकटे राहिलेले तान्हे.

मी अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले. आमच्याच क्षेत्रातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर दिसले, की मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात. त्यांनी मुलांना दटावले नाही, शाळेलाच पाळणाघर जोडले. 1948 च्या कारखाने कायद्याने 50 हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली सक्तीची केली. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच लहान मुले जमली की त्यांच्याजवळ एक बाई मजुरी देऊन बसवायला सांगितले. 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवर, मजुरांच्या मुलांसाठी, 'मोबाइल क्रेशेस'चे पहिले पाळणाघर सुरू केले. सिमेंट-विटांच्या ढिगाऱ्यात जे जमले, ते साहित्यनगरीत जमणार नाही, हे मला पटत नाही.

"काही झाले तर जबाबदारी कुणाची?" हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. म्हणूनच हे काम आदल्या आठवड्यात सतरंजी अंथरून उरकण्याचे नाही. प्रतिनिधी नोंदणीच्या अर्जातच मुलांची संख्या आणि वय विचारा, म्हणजे दोन महिने आधी अंदाज येईल. संमेलन बहुधा शाळा-महाविद्यालयाच्या आवारात भरते. तिथली तळमजल्यावरची, एकच दार असलेली, स्वच्छतागृहाजवळची पक्की खोली सर्वांत आधी बाजूला काढा. ती कर्ण्यांपासून आणि भटारखान्यापासून लांब हवी, पण मुख्य मांडवातून पाच मिनिटांत पोहोचता आले पाहिजे. मुलाच्या मनगटाला आणि पालकाच्या बिल्ल्याला एकच क्रमांक द्या. नोंदवहीत ज्याचे नाव आहे, त्याच्याखेरीज कुणाच्याही हाती मूल द्यायचे नाही. माझ्या अनुभवाने तीन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक बाई लागते, त्याहून मोठ्या आठ मुलांमागे एक पुरते. मऊ खिचडी, उकळलेले पाणी, झोपायला गाद्या. आणि वेळ सकाळी दहा ते पाच ठेवू नका. कविसंमेलन रात्री अकरापर्यंत रंगते, तेव्हाच आईला सर्वांत जास्त गरज असते.

बालमेळाव्याला पाळणाघराचा पर्याय समजू नये. आठ वर्षांची मुले दोन तास तिथे रमतात, दीड वर्षाचे रमत नाही.

एक धोका मला आताच दिसतो. हे मान्य झाले तर गावातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना तोंडी हुकूम जाईल आणि त्या फुकट राबतील. तसे होता कामा नये. त्यांना वक्त्यांसारखेच मानधन द्या, तेही अंदाजपत्रकात स्वतंत्र रकाना करून. संमेलनाचे सरकारी अनुदान काही वर्षांपूर्वी 50 लाखांवरून 2 कोटींवर गेले. त्यात तीन-चार दिवसांची ही खोली सहज बसते. पालकांकडून थोडे शुल्क घेतले तरी माझी हरकत नाही.

शंभराव्या संमेलनाच्या स्वागत समितीने आणि साहित्य महामंडळाने पहिल्याच बैठकीत हा विषय घ्यावा. नोंदवही आखून द्यायला, बायकांना दोन दिवस शिकवायला मी माझ्या खर्चाने येईन. संमेलनाचे सगळे दिवस खोलीतही थांबेन. फक्त एक परिसंवाद मला मांडवात बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू द्यावा.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी मुख्यसेविका, सांगली