अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

आपल्या घरातील मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने सज्ञान होतो. परंतु त्याचे शुल्क, त्याचे जेवण आणि त्याचा ताप यांची काळजी आईवडीलच वाहत असतात. बालगृहात वाढलेल्या मुलाला ही सवलत नाही. अठराव्या वर्षी त्याचे वय बदलते, तसा त्याचा पत्ताही बदलतो.

शासनाने याचा विचार केलेला आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्या युवकांना आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार हे अनुरक्षण २१ व्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून २३ व्या वर्षापर्यंत मिळू शकते. 'मिशन वात्सल्य'च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दरमहा ४००० रुपये ठरविले गेले. त्याच वर्षी आपल्या मध्य प्रदेशाने 'मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना' आणून अशा युवकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. पैसा हवाच, परंतु स्वतःच्या प्रकृतीची माहिती पैशाने मिळत नाही. ती देणे हे आपले, डॉक्टरांचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंदूरमधील बालगृहांत तपासणीस जाताना मला वारंवार जाणवते की मुलाच्या आजाराची सारी माहिती अधीक्षिकाबाईंना असते, मुलाला नसते. अपस्माराची गोळी रोज सकाळी हातावर ठेवली जाते. ती अचानक बंद केल्यास झटके उसळू शकतात, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. सिकलसेलची तपासणी झालेली असते. तिचा निष्कर्ष आणि विवाहाच्या वेळी असलेले त्याचे महत्त्व त्या मुलीला ठाऊक नसते.

म्हणून तयारी चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुरू व्हावी. मुलाने स्वतः केसपेपर काढावा, स्वतःची तक्रार स्वतः सांगावी, औषधाच्या पट्टीवरील मुदत वाचावी. सोळाव्या वर्षीच्या टीडी लसीची नोंद, रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि झालेल्या शस्त्रक्रिया यांची एक फाइल त्याच्या हाती असावी.

आपल्या रुग्णालयांनीही एक सवय सोडावी. सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असताना 'नातेवाइकाला बोलवा' असा आग्रह धरला जातो. ज्याला नातेवाईकच नाही, त्याने कुणाला बोलवावे?

शिबिरे घ्यावीत, फळेही वाटावीत. परंतु आपल्या मंडळातील प्रत्येक सभासदाने एका युवकाचा डॉक्टर होण्याचे तेविसाव्या वर्षापर्यंत पत्करले, तर रात्री-अपरात्री फोन करण्यासाठी त्याच्यापाशी निदान एक क्रमांक असेल. आपल्या मुलांपाशी तो असतोच.