पळून गेल्यानंतरचे काय?

चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलामुलींच्या मनात जी पहिली ओढ निर्माण होते, ती निसर्गाची देणगी आहे. ती पाप नव्हे आणि पराक्रमही नव्हे. घरात मात्र तिच्याविषयी बोलण्याची सोय नसते. पाठ्यपुस्तकात ती बसत नाही, नातेवाइकांत तिची थट्टा होते आणि आईवडिलांना तिची केवळ धास्ती वाटते. जे उत्तर घर देत नाही, ते मुले अन्यत्र शोधतात. गेली पन्नास वर्षे हे उत्तर प्रामुख्याने चित्रपटाच्या पडद्याने दिले. आता तोच पडदा मोबाइलच्या रूपाने त्यांच्या मुठीत आला आहे. म्हणूनच हा पडदा कोणते सत्य सांगतो आणि कोणते लपवतो, याचा विचार केवळ चित्रपट समीक्षकांवर सोपवून चालणार नाही.

या प्रकारच्या चित्रपटांचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या 2004 सालच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेला चित्रपट 2012 मध्ये प्रदर्शित झाला. आणीबाणीच्या काळातील एका लहान गावातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याच्या मनात भरलेली शिरोडकर, एवढाच त्याचा ऐवज. त्या प्रेमातून काहीही ‘घडत’ नाही. शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंद दहावीत जातो. परंतु त्या एका वर्षात मुलगा वयाने नव्हे, तर मनाने वाढतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील जब्याची शालूविषयीची ओढ तर शब्दांपर्यंतही पोहोचत नाही. ती पोहोचण्याआधीच जात नावाची भिंत आडवी येते आणि शाळेसमोर, सवंगड्यांच्या देखत डुकराच्या मागे धावण्याची वेळ त्या पोरावर येते. किशोरवयातील मनाला असा सन्मान देणे, त्याच्या लाजेला आणि अपमानाला प्रौढांच्या दुःखाइतकेच खरे मानणे, हे या चित्रपटांचे मोठे बळ आहे. हे काम उपदेशाच्या शंभर व्याख्यानांनी साधले नसते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लोकप्रिय प्रेमपटांनी काही चुकीचे धडे इतक्या वेळा गिरवून घेतले आहेत, की ते आता धडे वाटेनासेच झाले आहेत. मुलीच्या मागे मागे फिरणे, तिच्या वाटेवर उभे राहणे, तिचा नकार म्हणजे लाजरा होकार समजणे हा त्यातील पहिला धडा. पडद्यावर गोड वाटणारा हा पाठलाग रस्त्यावर एखाद्या मुलीचे शिक्षण बंद पाडतो. आईवडील म्हणजे एक तर खलनायक, नाही तर विनोदाचा विषय, हा दुसरा. 2014 साली गाजलेल्या ‘टाइमपास’मध्ये नायिकेच्या शिस्तप्रिय वडिलांवर, लेल्यांवर, प्रेक्षक पोट धरून हसले. परंतु वयात आलेल्या मुलीच्या बापाच्या काळजीतही काही तथ्य असू शकते, याचा विचार हसताना कोणी केला असेल असे वाटत नाही. तिसरा धडा सर्वांत घातक आहे. दोघे पळाले, की कथा संपली!

‘बॉबी’मध्ये (1973) राजा आणि बॉबी मोटारसायकलवरून निघून जातात आणि अखेरीस दोन्ही बाप पाण्यात उड्या घेऊन त्यांना वाचवतात. ‘कयामत से कयामत तक’मधील (1988) राज आणि रश्मी आडरानातील एका पडक्या वास्तूत भातुकलीसारखा संसार मांडतात आणि पुढचा प्रश्न उभा राहण्याआधीच दोघांचाही अंत होतो. नायकाला किमान काही कमवून दाखवण्याची अट घालणारा मुलीचा बाप भेटतो तो ‘मैंने प्यार किया’त (1989). त्यासाठी श्रीमंताघरच्या प्रेमला खाणीवर घाम गाळावा लागतो. मात्र अशी परीक्षा अपवादानेच दिसते.

या पार्श्वभूमीवर 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’चे महत्त्व लक्षात येते. त्याची गाणी गावोगावच्या वरातींत वाजली आणि त्याने मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचे विक्रम मोडले. पण प्रेमिकांना दोष देणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर लुब्ध होणाऱ्यांनीही बहुधा पूर्वार्धच लक्षात ठेवला. उत्तरार्धात आर्ची आणि परश्या हैदराबादला पोहोचतात, तेव्हा गाणी थांबतात. पाटलाच्या वाड्यात वाढलेली मुलगी झोपडपट्टीत राहते, कारखान्यात काम करते, परकी भाषा शिकते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो, संशय घेतो, तिच्यावर हात उगारतो. ती निघून जाते आणि परत येते. पळून गेल्यानंतर संसार उभा करावा लागतो आणि तो गाण्यांवर उभा राहत नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. त्यानंतरचा तो नि:शब्द शेवट दोघांच्या चुकीचा नव्हे, तर आपल्याच लेकीच्या सुखापेक्षा जातीची प्रतिष्ठा मोठी मानणाऱ्या समाजाच्या चुकीचा आहे. 2018 साली ‘धडक’ या नावाने हीच कथा उदयपूर आणि कोलकात्यात नेली गेली, तेव्हा जातीचा हा निखारा बराचसा विझलेला होता. निखारा विझला, तसा चटकाही उरला नाही.

पडद्यावर कधीच न येणारे आणखी एक सत्य आहे, ते कायद्याचे. बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचे वय 18 आणि मुलाचे 21 पूर्ण झाल्याखेरीज विवाह करता येत नाही. 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या संमतीला कायदा अर्थ देत नाही. प्रेमाच्या आणाभाका घेऊन सोळा वर्षांच्या मुलीसह निघून गेलेल्या मुलावर अपहरणाचा, प्रसंगी त्याहून गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो. ज्या वयात प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायचा, त्या वयात न्यायालयाच्या तारखा सुरू होतात. दुसऱ्या बाजूला, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात जातपंचायतीला किंवा नातेवाइकांना ढवळाढवळ करण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 च्या निकालात बजावले आणि अशा जोडप्यांच्या रक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. म्हणजे कायदा अल्पवयीनांना थांबायला सांगतो आणि सज्ञानांच्या वाटेतून समाजाला बाजूला व्हायला सांगतो. किशोरांना यातील पहिला भाग आणि पालकांना दुसरा भाग ठाऊक नसतो.

चित्रपटांवर बंदीची मागणी करणे सोपे आहे, पण त्यातून काहीही साधत नाही. बंद केलेली खिडकी मोबाइलवर क्षणात उघडते. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ने (2013) चाळीतील चार मुलांच्या निमित्ताने हेच दाखवले. ज्या प्रश्नांवर घरात मौन असते, त्यांची उत्तरे मुले भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटमध्ये शोधत होती. कॅसेट गेली, मौन मात्र आहे तसेच आहे.

‘शाळा’तील मुकुंदाचे नशीब एवढ्याचसाठी थोर, की त्याला नरूमामा होता. मनातले सांगितले तर न ओरडणारा, न हसणारा, ऐकून घेणारा एक मोठा माणूस. एकत्र कुटुंबात असा मामा, काका, आत्या किंवा आजी सहज सापडत असे. कुटुंबे लहान झाली आणि ही जागा रिकामी राहिली. संस्कारांचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक घराने प्रथम ही जागा भरली पाहिजे. मुलांनी पाहिलेला चित्रपट त्यांच्याशेजारी बसून पाहावा, शेवटची पाटी आली की दूरदर्शन संच बंद करून शांतपणे एकच प्रश्न विचारावा, ‘यानंतर या दोघांचे काय झाले असेल?’ पडदा जिथे थांबतो, तिथूनच घराचे काम सुरू होते. ते घराने केले नाही, तर पडद्याला दोष देण्याचा अधिकार घराला उरत नाही.